कारखान्याची चिमणी तपासणाऱ्याला पैसे कोण देतं? आणि वाचकांचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की प्रदूषणाचा प्रश्न निम्मा तरी हिशोबाचा असतो, आणि त्यावरून या महिन्यात सातपूरपासून सुरगाण्यापर्यंत पत्रं आलीत. सगळी घेता येणार नाहीत, जागा तेवढी नाहीये. चार घेतलीत, त्यातलं पहिलं वाचून मी अर्धा दिवस तेच डोक्यात घेऊन फिरत होते.

प्रश्न : ताई, मी सातपूर एमआयडीसीत वीस वर्षं मेंटेनन्सला आहे. आमच्याकडे बाहेरची पार्टी येते चिमणी चेक करायला. यंदा जो पोरगा आला त्याच्यासाठी मी सकाळीच शिडी दोरीने नीट बांधून ठेवली होती, पावसाने निसरडी झालेली म्हणून. तो केबिनमध्ये बसला, चहा-भजी झाली, शिडीवर पाय पण ठेवला नाही आणि रिपोर्ट आला ओके. तुम्ही म्हणता अर्थशास्त्राचे लोक यावर संशोधन करतात. त्याने असलं काही थांबतं का?

दादा, तुमची ती बांधलेली शिडी काही डोक्यातून जाईना. चिमणीचं सॅम्पल घ्यायचं म्हणजे काय हे ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, वर प्लॅटफॉर्मपर्यंत चढायचं, पोर्टहोलमधून, म्हणजे चिमणीला ठेवलेल्या भोकातून, नळी आत घालायची, पंप लावून धूर एका छोट्या फिल्टरमधून ओढत ठेवायचा आणि मग तो फिल्टर लॅबमध्ये नेऊन वजन करायचं, किती धूळ बसली ते. चांगला वेळ जातो, वर ऊन नाहीतर पाऊस, आणि खाली भजी गरम. बरं एवढं करून रिपोर्ट वाईट आला तर पुढच्या वर्षी कारखाना दुसरी पार्टी बोलावणार, कारण बोलावणारा तोच आणि चेक फाडणारा पण तोच. त्या पोराला मी शिव्या घालू शकते पण त्याच्या जागी तुमच्या-माझ्यातला कितीजण वर चढला असता, खरं सांगा.

नेमकी हीच गोष्ट गुजरातमध्ये मोजून बघितली गेली. तिथे १९९६ मध्ये हायकोर्टाच्या आदेशाने कारखान्यांचं पर्यावरण ऑडिट सुरू झालं, ऑडिटर खाजगी, निवड कारखान्याची, फी कारखान्याची. कागदावर छान. मग २००९ च्या सुमारास एस्थर डुफ्लो (२०१९ चं नोबेल अभिजित बॅनर्जी आणि मायकेल क्रेमर यांच्याबरोबर मिळालं त्या), मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या चौघांनी तिथल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला बरोबर घेऊन अहमदाबाद आणि सुरत भागातले पावणेपाचशेच्या आसपास कारखाने निवडले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटात जुनंच चालू ठेवलं. दुसऱ्या गटात ऑडिटर कोण जाणार ते चिठ्ठीने ठरायचं, पैसे एका सामायिक फंडातून ठरलेले मिळायचे, कारखान्याच्या खिशातून नाही, आणि ऑडिटर येऊन गेला की मागोमाग दुसरी टीम कधीही जाऊन तीच चिमणी परत मोजायची. दुसऱ्या वर्षी तर ज्याचा आकडा खऱ्याच्या जवळ त्याला जास्त पैसे.

आता आकडे बघा. धुळीची मर्यादा घनमीटरला १५० मिलिग्राम. जुन्या पद्धतीत ऑडिटर सांगत होते की मर्यादा मोडणारे कारखाने फक्त ७ टक्के, आणि परत मोजलं तेव्हा निघाले ५९ टक्के! ऑडिटरांचे आकडे सगळे १५० च्या जरा खाली येऊन बसलेले, पस्तीस मार्कांना पास केलेल्या पोरांसारखे. नवीन गटात खोटं 'ओके' देण्याचं प्रमाण ८० टक्क्यांनी कमी झालं, आणि मला जे जास्त महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे कारखान्यांनी धूर आणि सांडपाणी पण खरंच कमी केलं. माणसं तीच, चिमण्या त्याच, बदललं काय तर चेकवर सही कोणाची. २०१५ मध्ये गुजरातने नियमच बदलला आणि ऑडिटर चिठ्ठीने नेमायला लागले.

आपल्याकडे काही झालं की लगेच मागणी येते, इन्स्पेक्टर वाढवा. ते पण याच मंडळींनी तिथेच करून बघितलं, काही कारखान्यांत सरकारी तपासणीच्या फेऱ्या जवळपास दुप्पट केल्या. प्रदूषण फारसं हललं नाही. कारण मुरलेल्या अधिकाऱ्याला आधीच माहीत असतं की खरा बदमाश कोण, तो तिथे जातच असतो, आणि वाढीव फेऱ्या गेल्या त्या किरकोळवाल्यांकडे. म्हणजे अधिकारी बिनडोक असतात हे आपलं आवडतं मत इथे जरा खोटं पडलं.

पुढची पायरी सुरतची. २०१९ मध्ये तिथे धुळीचा बाजार सुरू झाला, धूळकणांसाठीचा जगातला पहिलाच म्हणतात. कोळशाचे बॉयलर असलेले कारखाने, बहुतेक कापडाचे, त्यांच्या चिमणीला सतत मोजणारं यंत्र लावलं, सगळ्यांची मिळून महिन्याची एक मर्यादा ठरवली आणि तेवढीच धूळ सोडायचे परवाने वाटले. ज्याने धूळ कमी केली त्याचे परवाने उरतात, ते तो विकतो, ज्याला जमलं नाही तो विकत घेतो, किलोला कमीत कमी ५ रुपये आणि जास्तीत जास्त १०० रुपये असा भाव बांधलेला. ३१७ कारखान्यांवर अभ्यास झाला, बाजारात असलेल्यांची धूळ बाहेरच्यांपेक्षा २० ते ३० टक्के कमी.

हे वाचून लगेच 'नाशकात पण करा' म्हणू नका हं. मी स्वतः आधी तेच म्हणत होते. पण धूर गावभर मिसळतो, इथे कमी झाला काय नि पलीकडच्या चिमणीतून कमी झाला काय, शहराला सारखंच. आपलं सातपूर-अंबडचं मोठं दुखणं धूर नाही, ते प्लेटिंगवाल्यांचं, म्हणजे धातूवर मुलामा देणाऱ्यांचं, पाणी आहे आणि ते नासर्डी नदीला जातं. एका नाल्यावरच्या कारखान्याने दुसऱ्या नाल्यावरच्याकडून परवाना विकत घेतला तर पहिल्या नाल्याकाठच्या वस्तीने काय करायचं? तिथे बाजार नको. चिठ्ठीने नेमलेला तपासनीस आणि मागून फेरतपासणी, हे मात्र उद्या करता येईल. महाराष्ट्रात २०१७ पासून प्रदूषण मंडळाची कारखान्यांना स्टार द्यायची योजना आहे, एक ते पाच. आधी सॅम्पल खरं असलं पाहिजे हो, नाहीतर स्टार कशाचे द्यायचे.

प्रश्न : मॅडम, दिंडोरी तालुक्यात आमची चार एकर द्राक्षबाग आहे. पाण्याला मीटर, पाण्याला भाव, असं सगळं ऐकायला येतं. हे परदेशी पुस्तकातलं खूळ आमच्या डोक्यावर का?

भाऊ, दिंडोरीतून हा प्रश्न यावा याची गंमत वाटली, कारण हे 'परदेशी खूळ' तुमच्या वाघाड धरणावर पस्तीसेक वर्षं चालू आहे आणि लांबलांबचे लोक ते बघायला येतात. ओझरची गावं कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. तेव्हा पाणीपट्टी ठरायची एकर आणि पीक बघून, म्हणजे एकदा पट्टी लागली की रात्रभर पाट फोडून ठेवला तरी रक्कम तेवढीच, मग हेडवाला, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी असणारा, कशाला बारं (पाण्याची पाळी) लवकर मोडेल. त्याचं रान तुडुंब आणि टेलवाल्याच्या चारीत, म्हणजे छोट्या पाटात, आवर्तन (कालव्याला पाणी सोडायची फेरी) संपलं तरी ओल नाही. १९९० च्या आसपास समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी तिथे पाणी वापर संस्था उभ्या केल्या, पाणी घनमापनाने घ्यायचं ठरलं. चारीच्या तोंडाशी सिमेंटचं अरुंद गाळं, बाजूला पट्टी, पाण्याची उंची बघायची आणि कोष्टकावरून किती पाणी गेलं ते काढायचं. संस्थेने सरकारला घनमीटरप्रमाणे पैसे द्यायचे, आत कोणी काय लावायचं ते शेतकऱ्यांनी ठरवायचं. मोजून पाणी म्हटल्यावर लोक ठिबककडे गेले, द्राक्षाकडे गेले. २००५ मध्ये राज्याने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला, तोवर वाघाडला वाट मळून झाली होती.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते सामायिक पाणी, जंगल, कुरणं लोक कशी सांभाळतात याच्या अभ्यासाला. नेपाळमध्ये त्यांना काय दिसलं, तर शेतकऱ्यांनी दगड-माती-झुडपं टाकून केलेले बांध टेलपर्यंत पाणी जास्त पोचवतात, आणि सरकारने सिमेंटचे पक्के हेडवर्क्स (कालव्याच्या तोंडाशी पाणी अडवायची बांधकामं) बांधून दिलेल्या योजना कमी. कारण मातीचा बांध दरवर्षी सगळ्यांनी मिळून दुरुस्त करावा लागतो, हेडवाल्याला टेलवाल्याच्या हातांची गरज पडते, म्हणून तो पाणी सोडतो. सिमेंट झालं की गरज संपली. ओझरच्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला हे सांगा, तो म्हणेल यात नवीन काय.

तरी तुमचं एक म्हणणं मला मान्य आहे, नुसता भाव वाढवून भागत नाही. विहीर-बोअरच्या पाण्याचा तर भावच नाही, आणि आपल्याकडे २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना वीज पण मोफत. मोफत वीज काढून घ्या असं म्हणणारा पुढारी मला तरी माहीत नाही. पंजाबने २०१८ मध्ये वेगळी शक्कल काढली, शेतकऱ्याला विजेचा कोटा ठरवून दिला आणि त्यातून वाचवलेल्या युनिटला ४ रुपये त्याच्या खात्यात. जास्त वापरलं तर दंड नाही. वाचवलं तर पैसे, एवढंच. तुमच्या गावात हे आलं तर रात्रीचा पंप चालू ठेवून झोपणारे किती कमी होतील, तुम्हीच मोजून मला कळवा.

प्रश्न : सुरगाण्याहून लिहितोय. झाड तोडू नये म्हणून पैसे द्यायचे, असं परदेशात करतात म्हणे. पैसे संपले की तोडणारच ना?

युगांडात हे १२१ गावांत करून बघितलं, निम्म्या गावांतल्या जंगलमालकांना जंगल राखायचे वर्षाला हेक्टरी पैसे. दोन वर्षांत पैसे न मिळालेल्या गावांत झाडोरा ९.१ टक्क्यांनी घटला, मिळालेल्या गावांत ४.२ टक्क्यांनी. घट थांबली नाही, अर्ध्यावर आली. शंका तुमची बरोबर आहे, पण दोन वर्षं उशिरा तोड झाली तरी त्या दोन वर्षांचा कार्बन हवेत जायचा थांबला, त्याची पण किंमत असते. फक्त तिकडे जंगल खाजगी मालकीचं होतं. तुमच्याकडे वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क असेल तर पैसे ग्रामसभेच्या खात्यात यायला हवेत, एकेकाच्या नाही, नाहीतर भांडणं लागतील ती वेगळीच.

प्रश्न : मी नाशिकच्या केटीएचएम कॉलेजला एमए अर्थशास्त्र करते, पर्यावरणाकडे वळायचंय. घरचे म्हणतात नोकरी कुठली मिळणार? सुरुवात कुठून करू?

नोकरीचं घरच्यांना मी काय सांगू बाई, माझ्या घरच्यांना पण अजून सांगतेच आहे. सुरुवातीचं मात्र सांगते. काठमांडूत सॅंडी नावाचं जाळं आहे, दक्षिण आशियातल्या पर्यावरण-अर्थशास्त्रवाल्यांचं, १९९९ पासूनचं, पार्थ दासगुप्तांसारखी माणसं त्याच्या उभारणीत होती. आपल्याच भागातल्या संशोधकांना शिकवायचं आणि छोट्या अभ्यासांना पैसे द्यायचे हे त्यांचं काम. अशा अभ्यासातून काय निघतं याचा एक नमुना म्हणून सौदामिनी दास यांचं काम शोध. १९९९ च्या ओडिशा चक्रीवादळात केंद्रपाडा जिल्ह्यात कुठल्या गावात किती माणसं गेली आणि त्या गावापुढे खारफुटीचा पट्टा किती रुंद होता, हे त्यांनी गावोगाव ताडून बघितलं. जिथे पट्टा रुंद तिथे मृत्यू कमी. खारफुटी तोडून कोळंबीची तळी करू म्हणणाऱ्यासमोर असा आकडा ठेवता येतो, नुसतं 'निसर्ग वाचवा' म्हणून तो ऐकत नाही.

पण काठमांडूच्या आधी पुण्याला जा, गोखले इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीत. धनंजयराव गाडगीळांनी (माधव गाडगीळांचे वडील) गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचा फायदा कोणाला किती झाला याचा गावोगाव सर्व्हे करून हिशोब मांडला होता, तो १९४८ ला छापून आला. धरण-कालव्याचा असा नफातोट्याचा हिशोब तेव्हा भारतात फारसं कोणी करत नव्हतं. आणि तो गोदावरी कालवा निघतो कुठून तर निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यातून, जिथे तुम्ही पोरंपोरी हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला जाता. बंधाऱ्यामागे गाळ साठत गेला, दलदल झाली, पक्षी आले आणि ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं. गाडगीळांच्या हिशोबात हे पक्षी नव्हते, असणार कसे. तुझ्या प्रबंधाला विषय हवाच असेल तर तिथल्या एखाद्या चापडगावच्या शेतकऱ्याला विचार, गाळाने त्याचं किती रान पाण्याखाली जातं आणि पक्षी बघायला आलेल्या लोकांकडून त्याच्या घरात किती पैसे येतात. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिही आणि मग मला परत पत्र टाक.