दोरी ओढायची कुणी?

प्रश्न : मी संगमनेरचा, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. चाकणच्या एका जपानी कंपनीत इंटर्नशिप केली. पार्ट खराब येतोय हे ऑपरेटरला दिसत होतं, तरी त्याने लाइन थांबवायची दोरी ओढली नाही. जपानी साहेब चिडले. आपले सुपरवायझर म्हणाले, "आपल्या लोकांची मानसिकताच तशी!" तेव्हापासून वाटतंय, कामगारांची संस्कृती आणि व्यवस्थापन हाच विषय घेऊन एचआरमध्ये एमबीए करावं. बाबा म्हणतात, एचआर म्हणजे हजेरी-पगाराची कारकुनी. काय करू?

उत्तर : बाबांचं निम्मं खरं आहे. बऱ्याच कारखान्यांत एचआरची सुरुवात हजेरीपासून होते आणि काहींची पाच वर्षंही त्यातच जातात. पण तुझा प्रश्न मला आवडला. सुपरवायझरचं उत्तर मात्र पटलं नाही.

एमबीएला तुला गीर्ट हॉफस्टेडचा तक्ता भेटेल. या डच संशोधकाने आयबीएमच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या लाखाहून अधिक प्रश्नावल्या तपासून 1980 मध्ये निष्कर्ष मांडले. वरच्याची सत्ता खालचा माणूस किती निमूट मानतो, या मोजपट्टीवर भारत 77, जपान 54, जर्मनी 35. 'साहेबांना कसं सांगायचं' ही आपली अडचण त्यात दिसते, नाकारत नाही. पण एकाच कंपनीतल्या नोकरदारांवरून अख्खा देश मोजला, हा आक्षेपही तितकाच वजनदार आहे.

आता कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचं बघ. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना गैरहजेरी आणि भांडणांसाठी बदनाम होता. 1982 मध्ये बंद पडला. 1984 मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत 'नूमी' नावाने तो पुन्हा सुरू झाला. युनियन तीच, बहुतेक कामगारही तेच. काहींना शिकायला जपानला पाठवलं, लाइन थांबवायचा अधिकार प्रत्येकाला दिला. गैरहजेरी घसरली, गाड्यांचा दर्जा जपानच्या जवळ पोचला. त्या अमेरिकनांची संस्कृती दोन वर्षांत बदलली म्हणायची का? मला वाटतं, कळ वेगळीच होती. पुढे 1988 च्या सुमारास विक्री पडली, तरी कंपनीने कुणाला घरी बसवलं नाही. रिकाम्या वेळात ट्रेनिंग दिलं. नोकरी जाणार नाही हे ठाऊक असलेला माणूस दोरी ओढतो.

उलट मारुतीने साहेब-कामगारांना एकच गणवेश, एकच कॅन्टीन दिलं, तरी 2011-12 मध्ये हरियाणातल्या मानेसरच्या कारखान्यात संप आणि हिंसाचाराने पेटलंच. तिथे कंत्राटी कामगारांचा प्रश्न धुमसत होता.

म्हणून लगेच एमबीए नको. आधी दोन वर्षं प्रॉडक्शनमध्ये किंवा क्वालिटीत काढ, रात्रपाळीसकट. शॉपफ्लोअर न पाहिलेला एचआरवाला कामगार लांबूनच ओळखतात. सोबत जपानी शिक. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये वर्ग चालतात. जपानी भाषेची जेएलपीटी परीक्षा जुलै आणि डिसेंबरात असते. एन-5 या सर्वांत सोप्या पातळीपासून चढत एन-3 पर्यंत पोचलास, तरी मीटिंगमध्ये साहेब नेमके कशावर चिडलेत ते दुभाष्याविना बरंचसं कळेल. मग एचआर शिकायला टाटा सामाजिक विज्ञान संस्था किंवा जमशेदपूरचं एक्सएलआरआय. बाबांनाही हा क्रम पटेल, कारण इंजिनिअरिंग वाया जात नाही.

आणि एक काम राहिलंय. त्या ऑपरेटरला गाठ, चहा पाज आणि विचार : तो पर्मनंट होता, की सहा-सात महिन्यांनी ब्रेक मिळणारा ठेकेदाराचा माणूस? याआधी ज्याने दोरी ओढली, त्याचं काय झालं, तेही विचार. मग मला लिही.