व्होल्टेज आणि करंट माहीत असतील तर रेझिस्टन्स आणि पॉवर कशी काढायची? माझ्या 1 एचपी मोटरचं गणित जुळत नाही.

तुम्ही लिहिलंय की मोटर 230 व्होल्टला 6 अँपिअर घेते, व्होल्टला अँपिअरनं भागलं (हाच ओहमचा नियम) तर 38 ओहम येतात, पण मल्टिमीटर 3 ओहमच दाखवतो, तर मीटर खराब आहे का. मीटर चांगला आहे. भागाकारही बरोबर आहे. चूक एकच, तो भागाकार मोटरवर केलाय.

इस्त्रीवर करा, झकास जुळेल. 1000 वॅटची इस्त्री 230 व्होल्टला 4.35 अँपिअर घेते, रेझिस्टन्स जवळपास 53 ओहम. मीटर लावून बघा, त्याच्या आसपासच दाखवेल. जुन्या 100 वॅटच्या पिवळ्या बल्बवर मात्र पुन्हा फसाल. पेटलेला असताना त्याचा रेझिस्टन्स 529 ओहम, पण गार बल्ब मीटरवर 40 च्या आसपास दाखवतो, कारण तार तापली की रेझिस्टन्स वाढतो. हे शाळेत कोणी सांगत नाही.

मोटरचा विषय निघालाच आहे तर बसा जरा.

आमची द्राक्षबाग तासगाव भागात. एप्रिलची खरड छाटणी झालेली, पाणी हवंच होतं आणि लाईट रात्री बाराची. विहिरीवर 5 एचपीची थ्री फेज मोनोब्लॉक, म्हणजे मोटर आणि पंप एकाच सांगाड्यात. नेमप्लेटवर 415 व्होल्ट, 7.5 अँपिअर. त्या आठवड्यात सगळ्यांच्या मोटरी एकदम चालू व्हायच्या आणि व्होल्टेज 320 वर यायचं. पंधरा-वीस मिनिटांत ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा स्विच, पडायचा. मी तेव्हा आयटीआयचा वायरमन कोर्स करून नुकताच आलेलो. टंग टेस्टर, म्हणजे वायरभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर, लावला, तिन्ही फेजला 9.8, 9.6, 10.1 अँपिअर. स्टार्टरच्या पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूला पेन्सिलने आकडे लिहून ठेवले आणि तात्यांना म्हटलं, आज मोटर बंद ठेवू.

तेवढ्यात आमचे इंजिनिअर चुलतभाऊ सुट्टीवर आलेले. दादा म्हणाला, "अरे, व्होल्टेज कमी म्हणजे करंट कमी. ओहमचा नियम आयटीआयत शिकवत नाहीत का? रिले बाद झालाय."

मी म्हटलं, "दादा, टंग टेस्टर बघ की."

"तो दोनशे रुपयांचा डबा?"

तात्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, आणि म्हणाले, "तो शिकलेला आहे." दादानं स्क्रू-ड्रायव्हर घेऊन रिलेची डायल 7.5 वरून शेवटच्या 10 च्या खुणेवर नेली. मोटर चालू झाली. रिले पडला नाही. दादा झोपायला गेला.

तिसऱ्या रात्री वार्निश जळाल्याचा वास बांधापर्यंत आला. वाइंडिंग कोळशासारखं काळं. तालुक्याला रिवाइंडिंगला मोटर पाच दिवस पडून, इकडे बागेला टँकर.

आता कारण ऐका. पंपाला पाणी तेवढंच उचलायचं असतं, त्यामुळे मोटरला ताकद जवळपास तेवढीच लागते. व्होल्टेज घटलं की ती ताकद भरून काढायला मोटर जास्त करंट ओढते. 7.5 चे 9.8 झाले. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे इथे सुमारे 1.7 पट. तांब्याच्या तारेतली उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, हे मोटरमध्येही चालतं, आणि दादानं नेमकं तेवढंच गणित केलं नाही. ओहमनं 1827 मध्ये जे छापलं ते धातूच्या तारांवर मोजून. त्याच्या विहिरीवर मोनोब्लॉक नव्हती.

तुमच्या 3 ओहमचं कोडंही इथेच सुटतं. मीटर फक्त तारेचा रेझिस्टन्स दाखवतो. त्यानं 230 ला भागलं तर जवळपास 77 अँपिअर यायला हवेत, पण येतात 6, कारण फिरणारी मोटर स्वतःच उलट व्होल्टेज तयार करून करंटला अडवते. मोटर जाम झाली की हे अडवणं बरंचसं जातं आणि करंट कित्येक पट होतो. जाम मोटर मिनिटभरही चालू ठेवू नये ती याचसाठी.

पॉवरचं म्हणाल तर 230 गुणिले 6 म्हणजे 1380, पण ते वॅट नव्हेत, व्होल्ट-अँपिअर. त्याला पॉवर फॅक्टरनं, म्हणजे त्यातला किती भाग खऱ्या कामाला लागतो त्या आकड्यानं, गुणायचं. 0.8 धरला तर साधारण 1100 वॅट. 1 एचपी म्हणजे 746 वॅट, ते शाफ्टवर मिळतात, बाकी उष्णतेत आणि घर्षणात जातात. थ्री फेज असेल तर वर 1.732 नं गुणा.

खरं सांगायचं तर इस्त्री, शेगडी, गिझरपुरतं दादाचं बरोबर आहे. तीच इस्त्री 180 व्होल्टला 3.4 अँपिअर आणि 612 वॅटच घेते, फक्त कपडे नीट होत नाहीत. पण तो अजून प्रत्येक लग्नात सांगतो की मोटर जुनीच होती. मोटर चार वर्षांची होती, दादा. बिल माझ्याकडे आहे.

हो, आणि हे आधीच सांगायला हवं होतं: ओहम मोजताना लाईट बंद करून वायर सोडवा आणि कपॅसिटर डिस्चार्ज करून घ्या, म्हणजे त्यात साठलेली वीज काढून टाका, नाहीतर मीटर जाईल आणि तुम्हालाही झटका बसेल.

नेमप्लेटचा फोटो टाका, ओव्हरलोड किती अँपिअरवर ठेवायचा ते सांगतो. तोवर घरात कोणी सुट्टीवर आलं असेल तर स्टार्टरच्या पेटीला कुलूप लावा.