पुलाचं काम आणि पाणमांजरं: कुंपण घालण्याआधी

खाडीवरच्या पुलाचं काम सुरू होतंय, काठावर पाणमांजरं दिसतात, तर साईटभोवती हिरवी शेडनेट मारली की पुरे का, असं तुम्ही विचारलंय. शेडनेट नकोच. ती पहिल्याच वाऱ्यापावसात फाटते, आणि सैल लोंबणाऱ्या जाळीत पिल्लू गुरफटू शकतं.

आधी दोन्ही काठ चालून बघा, ओहोटीला. खडकावर किंवा उंचवट्यावर माशाचे खवले आणि खेकड्याची कवचं मिसळलेली, उग्र वासाची विष्ठा एकाच जागी साचलेली दिसली, तर टोळीचा तिथे नेहमीचा वावर आहे. मुळांखाली आणि दगडांच्या सांदीतही पाहा. बीळ सापडलं तर त्या भागातलं काम थांबवून वनविभागाला कळवा, मुकादमाला हाकून लावायला सांगू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर पाणमांजर अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, आणि त्या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत सापळा लावणं, हाकणंही येतं. स्कॉटलंडमध्ये बिळाभोवती ३० मीटर मोकळे ठेवतात, पिल्लं असतील तर २०० मीटर. आपल्याकडे पिल्लं बहुधा पावसाळा सरल्यावर, थंडीत दिसतात. पायलिंगचं, म्हणजे पायाचे खांब जमिनीत खोल घालण्याचं, वेळापत्रक ठरवताना हे धरा.

आता कुंपण. ब्रिटनमधल्या रस्त्यांसाठी वेल्डमेशची (जोडलेल्या तारांची), साधारण दीड मीटर उंच जाळी लावतात. खालची कड जमिनीत पुरतात, कारण हे प्राणी उकरतात. पण नुसती साईट बंदिस्त केलीत तर टोळी कुंपणाला वळसा घालून थेट रस्त्यावर येईल. म्हणून जाळी नेहमी कोरड्या वाटेकडे नेणारी हवी. पुराचं पाणी पुलाखाली भरलं की पाणमांजर पोहत पलीकडे जाण्याऐवजी वर चढतं आणि गाडीखाली येतं. त्यासाठी ब्रिटनमध्ये पुलाखाली अर्धा मीटर रुंदीचा कट्टा ठेवतात, पुराच्या पातळीपेक्षा १५ सेंटीमीटर वर, डोक्यावर ६० सेंटीमीटर मोकळे. ही मापं एकट्या फिरणाऱ्या युरोपीय जातीची. आपली टोळीने जाते, तेव्हा कट्टा रुंद ठेवा. आणि पातळी मोजताना जुलैचा पूर आणि उधाणाची भरती एकत्र धरा, नाहीतर कट्टा ऐन गरजेला पाण्याखाली!

काम चालू असताना खड्डे संध्याकाळी झाका, झाकता येत नसतील तर आत तिरकी फळी टाकून ठेवा. मोकळ्या पाईपांची तोंडं बंद करा. हॅलोजन पाण्याकडे रोखू नका; रात्री काम टाळता आलं तर उत्तमच. सकाळी काम सुरू होण्याआधी एका माणसाने जाळीच्या कडेने फेरी मारावी.

हा खर्च टेंडरमध्येच धरायला लावा, नंतर कुणी देत नाही. काठाचे फोटो टाकलेत तर वाट कुठे सोडायची ते सांगेन. फक्त लोकेशन काढून टाका, कातडीसाठी अजून शिकार होते.