आधी किंमत दाखव

अगं,

आरोग्यसेवेत मुक्त बाजार हवा म्हणणारा तुझ्या अभ्यासमंडळाचा मसुदा दोनदा वाचला. पहिल्यांदा आनंद झाला, दुसऱ्यांदा चिडचिड. दिवसा पीएसएमच्या (सामाजिक वैद्यकशास्त्राच्या) तासाला सरकारी आरोग्यसेवेची बाजू मांडणारा भोर समितीचा १९४६चा अहवाल पाठ करायचा, संध्याकाळी अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या बाजारवादी डॉक्टरांची भाषणं ऐकायची आणि रात्री मला विचारायचं, 'सर, मी नेमकी कुठल्या बाजूची?' बाजू ठरवायची घाई कसली? त्याआधी करायचं काम पडलंय.

रुग्णाला अक्कल असते, त्याला निवडू द्यावं, आणि सरकारी फायलीला पेशंटचा ताप कळत नाही. यावर आपलं एकमत आहे, म्हणून त्यावर शाई घालवत नाही. पण पहिल्याच पानावरचं एक वाक्य मी लाल पेनने खोडलंय. 'महाराष्ट्रात खासगी रुग्णालयं भरपूर आहेत, म्हणजे मुक्त बाजार आहेच.' खासगी मालकी म्हणजे बाजार नव्हे. मंडईत मेथीची जुडी विकणारी बाई भाव ओरडून सांगते, शेजारची दोन रुपये कमी सांगते, आणि तू पिशवी उघडायच्या आधीच निर्णय झालेला असतो. आपल्या क्षेत्रात भाव कळतो डिस्चार्जच्या दिवशी दुपारी, बिलिंगच्या खिडकीवर. त्याला बाजार म्हणायचं असेल, तर आधी किंमत दाखव.

हे वाक्य मी तुला कंटाळा येईपर्यंत ऐकवणार आहे.

मसुद्यातली सहा पानं मिटून ठेव आणि एक शस्त्रक्रिया घे. मोतीबिंदू घे. नियोजित असते, पेशंट त्याच दिवशी घरी जातो आणि गावोगावी होते. एकाच तालुक्यातली किंवा शहरातल्या एकाच वॉर्डातली दहा-बारा ठिकाणं निवड. प्रश्न एकच: फेको (लहान छेदातून मोतीबिंदू काढणं), घडीचं मोनोफोकल (एकाच अंतरासाठीचं) भिंग, एक डोळा, एकूण किती? उत्तर आलं की खरं काम सुरू होतं. आकड्यात भिंग धरलंय का? कुठल्या कंपनीचं? बायोमेट्री (भिंगाचा नंबर ठरवणारं डोळ्याचं मोजमाप) आणि शस्त्रक्रियेआधीच्या रक्ततपासण्या धरल्यात का? नंतरचे थेंब? किती फॉलोअप? भिंगामागची पातळ पिशवी (कॅप्सूल) फाटली आणि व्हिट्रेक्टॉमी (डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढणं) करावी लागली तर तो खर्च कोणाचा? वर्ष-दोन वर्षांनी ती पिशवी धुरकट झाली आणि ती साफ करायला याग लेसर लागला तर? तक्त्यात 'तोंडी की लेखी', 'कोणी सांगितलं' आणि 'तारीख' हे तीन रकाने विसरू नकोस. ते नसतील तर तुझा तक्ता म्हणजे पारावरच्या गप्पा.

इथे काय चुकतं तेही सांगतो. पहिली चूक, फोनवरचा सर्वांत स्वस्त आकडा खरा मानणं. तो बहुतेकदा भिंगाशिवायचा असतो. दुसरी, वेगळी भिंगं एका ओळीत बसवणं. टोरिक (तिरपा नंबरही सुधारणारी) आणि मल्टिफोकल (जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी) भिंगांची तुलना मोनोफोकलशी केलीस तर कोणीही तुझा तक्ता दोन मिनिटांत फाडेल. तिसरी चूक, खोटी नातेवाईक बनून विचारणं. करू नकोस. विद्यार्थिनी म्हणून विचार. 'डॉक्टरांना येऊन भेटा, मग सांगू' असं उत्तर आलं तर तेच लिहून ठेव; नकार हीसुद्धा नोंद आहे, आणि माझ्या मते तक्त्यातली सर्वांत मोलाची. छापायचा विचार असेल तर सुरू करण्याआधी कॉलेजच्या एथिक्स कमिटीकडे जा, नंतर नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शॉर्ट टर्म स्टुडंटशिपच्या दोन महिन्यांत हे काम आरामात बसतं.

आणि जाताना भिंतीकडे बघ. महाराष्ट्रात नर्सिंग होम नोंदणी कायदा १९४९चा आहे. २०२१च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल अशा जागी लावायला सांगितलंय. कुठे लावलंय, कॅलेंडरच्या मागे की काउंटरच्या वर, आणि त्यात मोतीबिंदू आहे का, हेही तक्त्यात घाल. मुक्त बाजाराचे समर्थक सरकारी नियमाची अंमलबजावणी का मागतात, असं तुझे मित्र विचारतील. वजन-मापाचा कायदा नसेल तर मंडई चालेल का, असं त्यांना उलट विचार.

आता औषधांकडे ये, कारण तुझ्या चौथ्या पानावर 'स्पर्धेने किंमत उतरते' असं ठणकावून लिहिलंय. एरवी उतरते. हॉस्पिटलात ती कशी चढते ते बघ. सलाईनचा सेट, कॅन्युला, सिरिंज यांवरची एमआरपी उत्पादक छापतो. वितरक तो माल हॉस्पिटलला त्याच्या कितीतरी खाली देतो. हॉस्पिटल बिल लावतं एमआरपीने. मधला फरक हॉस्पिटलचा. मग दोन कंपन्या एकाच हॉस्पिटलमागे लागल्या की जिंकते कोण? जिची छापील किंमत जास्त आणि आतली किंमत कमी, ती. स्पर्धा आहे, जोरात आहे, पण ग्राहक हॉस्पिटल आहे आणि पैसे पेशंटचे. म्हणून छापील आकडा वर जातो. हे एकदा नीट कळलं की 'खासगीकरण की राष्ट्रीयीकरण' या वादातली निम्मी हवा जाते.

हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवायला बसवतात त्या स्टेंटचं उदाहरण याच साच्यातलं. फेब्रुवारी २०१७मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषधवेष्टित स्टेंटला २९,६०० रुपये कमाल किंमत लावली. त्यांच्याच आकड्यांनुसार हॉस्पिटलच्या पातळीवरचा नफा ६५४ टक्क्यांपर्यंत जात होता. तू लिहिलंयस, 'किंमतबंदी हा बाजारावरचा हल्ला.' कुठल्या बाजारावरचा? कॅथलॅबच्या टेबलावर आडवा पडलेला माणूस कुठले तीन ब्रँड ताडून बघणार होता? तोटा झाला हेही खरं. सगळे औषधवेष्टित स्टेंट एकाच भावात कोंबले गेले, काही कंपन्यांनी महागडे प्रकार परत न्यायची परवानगी मागितली आणि पुरवठा थांबू नये म्हणून सरकारला औषध किंमत नियंत्रण आदेशातली विशेष तरतूद वापरावी लागली. पण त्या आदेशातली माझी आवडती ओळ कमाल किमतीची नाहीच. स्टेंटची किंमत बिलात वेगळी दाखवा, सोबत ब्रँड, उत्पादक आणि बॅच नंबर लिहा, ही ती ओळ. तिच्याबद्दल तुझ्या मसुद्यात चकार शब्द नाही. हल्ला, हल्ला म्हणून ओरडण्याआधी आदेश तरी वाचायचा!

असो. रागावलो, कारण मसुदा चांगला आहे.

विम्याचं पान मात्र नव्याने लिही. विमा आला की किंमत तीन माणसांत फाटते: खोली पेशंट निवडतो, दर हॉस्पिटल लावतं, पैसे कंपनी देते. खोलीचा वर्ग बदलला की त्याच सर्जनच्या, त्याच ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या), त्याच अपेंडिक्सचे पैसे बदलतात. समज, विमा ३ लाखांचा, खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. पेशंटने ६,००० ची खोली घेतली. त्याला वाटतं, रोजचे वरचे ३,००० आपल्या खिशातून गेले की झालं. तसं होत नाही. सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी, व्हिजिट मिळून ८०,००० झाले असतील तर कंपनी त्यातले ४०,००० देते, कारण मर्यादा आणि भाडं यांचं प्रमाण निम्मं. २०२०पासून विमा नियामकाने औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयू या कपातीतून बाहेर काढलेत, आणि जिथे खोलीनुसार दर बदलत नाहीत तिथे ही कपात लागूच होत नाही. हे शेवटचं टीपीएच्या (विम्याचे दावे हाताळणाऱ्या मध्यस्थाच्या) टेबलावर कोणी आपणहून सांगत नाही. तुझ्या मंडळाने एक पानी पत्रक काढायचंच असेल तर यावर काढा. मराठीत.

आता तुझी परदेशी दैवतं. ओक्लाहोमातलं ते सर्जरी सेंटर २००९पासून वेबसाइटवर भाव लावतं, आणि त्या आकड्यात सर्जन, भूल आणि जागा तिन्ही धरलेली असतात. खरं शिकण्यासारखं आहे ते हे एकत्र बांधणं. पण तिथे येणारा माणूस तारीख ठरवून येतो. छातीत कळ आलेला येत नाही. सिंगापूरला तू 'बाजाराचा विजय' म्हटलंयस. मेडिसेव्ह, म्हणजे प्रत्येकाचं सक्तीचं आरोग्य-बचत खातं, १९८४पासून आहे, बरोबर. पण बहुतेक खाटा सार्वजनिक रुग्णालयांत, आणि सर्वांत साध्या सी वर्गाच्या वॉर्डाला सरकार ८० टक्क्यांपर्यंत अनुदान देतं. त्यांच्याकडून घ्यायचंच तर बिलांचे आकडे जाहीर करायची सवय घे. अमेरिकेतल्या रँड संस्थेचा आरोग्यविम्याचा प्रयोग, १९७४ ते १९८२, तू एका ओळीत उरकलास. खिशातून पैसे द्यावे लागले की वापर सुमारे ३० टक्क्यांनी घटला, हे लिहिलंस. घटताना गरजेचे आणि बिनगरजेचे उपचार सारखेच घटले, आणि गरीब रक्तदाबवाल्यांचा दाब फुकट उपचार मिळणाऱ्यांइतका आटोक्यात राहिला नाही, हे गाळलंस. तुझ्या प्राध्यापकांना ते माहीत आहे. पहिला प्रश्न तोच येईल.

मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय मात्र मसुद्यात नाही, याचं नवल वाटलं. १९७६ साली ११ खाटांवर सुरू झालेलं. पैसे देणाऱ्या आणि न देणाऱ्या पेशंटना तिथे उत्पन्नाचा दाखला विचारत नाहीत. कुठल्या दारातून यायचं ते पेशंट ठरवतो. भिंगं महाग पडायला लागली तेव्हा १९९२मध्ये त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. ट्रस्ट आहे, कंपनी नाही, आणि तरी किमतीचा विचार त्यांच्याइतका कोणी केलेला नाही.

एका ठिकाणी माझं सूत्र अपुरं पडतं, ते मीच सांगतो, म्हणजे तू मला पकडायला नको. २०१९मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया गाजल्या. तिथे भाव माहीत होता; कर्ज काढून दिला गेला. भीती विकली गेली, कॅन्सरची. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३मध्येच म्हटलं होतं की डॉक्टरला जे माहीत असतं ते पेशंटला नसतं, आणि सगळी गुंतागुंत तिथून सुरू होते. मान्य. पण मग 'कट', म्हणजे पेशंट पाठवल्याचं कमिशन, काय आहे? एमआरआयमागे पाठवणाऱ्याला मिळणारा हिस्सा हीसुद्धा किंमतच, फक्त कुठल्या बिलावर छापत नाहीत. डॉक्टरांच्या २००२च्या आचारनियमांत तिला बंदी आहे. महाराष्ट्राने २०१७मध्ये वेगळ्या कायद्याचा मसुदाही केला, कायदा काही झाला नाही. एमआरआयचा रोख दर आणि रेफरलने आलेल्या पेशंटचा दर शेजारी-शेजारी लिहून बघ. किंमत दाखव म्हणतो ते यासाठीच.

लोक मला म्हणतात, हा गृहस्थ जन्मभर दरपत्रक, दरपत्रक करत बसला, धोरणाचं मोठं काही बोललाच नाही. म्हणोत. मोठं बोलणारे दोन्हीकडे भरपूर होते, आणि बिल त्यांतल्या कोणी वाचलं नव्हतं. खंत वाटते ती उशिराची: हे फार उशिरा बोलायला लागलो, आणि फार सभ्यपणे. तू सभ्यपणा निम्मा ठेव.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत भाषण ठेवू नका. प्रत्येकाने एक बिल आणायचं, पेशंटचं नाव आणि नोंदणी क्रमांक काळ्या पेनने खोडून, घरच्यांची परवानगी घेऊन. फळ्यावर पाच रकाने: खोली, माणसांची फी, ओटी, औषध-साहित्य, तपासण्या. एकेक ओळ कुठे जाते ते भांडून ठरवा. दोन तास पुरणार नाहीत. औषधाच्या ओळींत परत केलेला माल वजा झालाय का, ते बघायला विसरू नका. तिथेच सर्वांत जास्त वेळ जातो.

आणि घरी आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय म्हणालीस ना? तिची फाइल उघड. आत भिंगाचं स्टिकर असेल: कंपनी, मॉडेल, पॉवर, सिरियल नंबर. बिलातल्या भिंगाच्या ओळीशी ते जुळतं का बघ. स्टिकरच नसेल, किंवा बिलात भिंगाची वेगळी ओळ नसेल, तर फोन कर. रात्री दहापर्यंत जागा असतो.