कॅरेट मशीनवर आलेलं सोनं: माझा अनुभव (जरा लांबलंय)

मामांच्या माळावर, जंगलाच्या हद्दीला लागून ओढ्यात गारेचा पट्टा सापडलाय, त्यात पिवळं-पांढरं चमकतंय, सराफाच्या मशीनवर 'सोनं 1.8' आलंय, आता पुढं काय करू... तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला भाऊ. सात-आठ वर्षांमागं मी हेच विचारत फिरत होतो. तालुका पण तोच, बेळगावकडचं खानापूर.

हातोडीनं चेपतंय की पीठ होतंय, कौलाच्या पाठीवर रेघ पिवळी येते की काळी, हे तुम्ही बघितलंच असणार, ते सोडतो. मी पण बघितलं होतं, काळी आली होती, म्हणजे सोनं नव्हे, तरी मशीनवर विश्वास ठेवला. इथंच खड्ड्यात गेलो.

माझा आकडा 3.1 होता. सराफानं स्क्रीन फिरवून दाखवली, चुलत्यानं लगेच फोटो काढला, रात्रीपर्यंत भावकीत बातमी. एकालाही साधा गुणाकार सुचला नाही की 3.1 टक्के म्हणजे टनात 31 किलो! आपल्या रायचूरकडं हट्टीची खाण टनामागं मोजक्या ग्रॅमवर चालते. ते मशीन दागिन्याचा कस बघायला असतंय हो. गारेतली सिलिका, म्हणजे दगडाचा मुख्य भागच, त्याच्या हिशेबात नाही, जे चार धातू दिसले त्यांचीच बेरीज 100 करून देतं. वर दगडात जस्त नाहीतर आर्सेनिक असलं तर मशीन ज्या एक्स-रे रेषांवरून धातू ओळखतं त्या त्यांच्या रेषा सोन्याच्या रेषेजवळ येतात आणि मशीन बिनधास्त सोनं लिहून मोकळं. सराफाचा दोष नाही, मीच निवडून निवडून सगळ्यात चमकणारा तुकडा नेला होता.

मग काय, तीन दिवस जेसीबी. तिसऱ्या दिवशी फॉरेस्टवाले आले, माती हद्दीच्या दगडापलीकडं पडली होती. त्याचं पुढं काय झालं ते इथं लिहीत नाही, एक म्हैस विकली एवढंच सांगतो.

त्यानंतर खणायच्या परवानगीसाठी एका ऑफिसात चार हेलपाटे. पहाणी उतारा (आपला सातबाऱ्यासारखा) आणा, नकाशा आणा, अर्ज कन्नडातून आणा, साहेब मीटिंगला गेलेत. सगळं दिल्यावर पाचव्या खेपेला सांगतात की सोनं-चांदीसाठी असा अर्जच चालत नाही, लिलाव असतो. हे पहिल्या दिवशी एका वाक्यात सांगायला काय झालं होतं? जाऊ दे, बीपी वाढतंय.

मी वकील नाही, तुमचं तुम्ही विचारून घ्या, पण मला कळलं ते असं: 1957 च्या खनिज कायद्यानं लायसन्सशिवाय शोधखोदाई पण गुन्हा, 2015 पासून असले पट्टे लिलावातून जातात, 2023 ला शोधासाठी वेगळं लायसन्स आणलं ते पण लिलावानंच. कोणीतरी तुम्हाला 2013 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवेलच, जमिनीखालचं मालकाचं म्हणून. मालकी असली तरी लायसन्स चुकत नाही. आणि ओढा भीमगड अभयारण्याच्या अंगाला असेल तर विषयच सोडा, असं माझं मत.

तरी हौस फिटत नसेल तर पट्ट्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सारख्या ढलप्या काढा, चांगलं-वाईट न निवडता, दोन-तीन किलो, पिशवीवर जागा लिहून. खनिज तपासणाऱ्या लॅबला 'फायर असे' (fire assay) ही तपासणी करा म्हणून सांगा. त्यात दगडाची पूड शिशाच्या भस्माबरोबर मुशीत वितळवतात, शिसं सोनं-चांदी ओढून घेतं, शिसं उडवलं की बारका मणी राहतो, नायट्रिकमध्ये चांदी विरघळते, उरतं ते सोनं. माझ्यात सोनं मोजण्याइतकं नव्हतंच, चांदी टनाला 3 ग्रॅम.

आणि घरी चुलीवर अजिबात भाजू नका. दगड फोडल्यावर लसणासारखा वास आला तर त्यात आर्सेनिक आहे. माझ्याला येत होता, आई म्हणायची फोडणी कुणी दिली.

तुमच्या फोटोत डाव्या हाताला काळपट पट्टी दिसते, ती ओली करून जवळून फोटो टाका. करडी, हाताला जड आणि फोडल्यावर चौकोनी तुकडे पडत असतील तर ते शिशाचं खनिज, चांदी असली तर बहुतेक त्याच्यातच असते. मग बोलू.