अध्यक्ष बदलले, शिबिरं कमी होताहेत. मग माझ्या मुलीने ॲथलेटिक्स कोच व्हावं का?

सप्रेम नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमची मुलगी बावीस वर्षांची, टी.वाय.ला, ४०० मीटर अडथळ्यांची धावपटू. विद्यापीठाकडून खेळली, पण मांडीचा स्नायू दोनदा फाटला आणि डॉक्टरांनी स्पर्धा थांबवायला सांगितल्या. आता ती म्हणते, मला कोच व्हायचंय. तुम्ही म्हणता, तलाठ्याची नाहीतर बँकेची परीक्षा दे. शेवटी तुम्ही विचारलंय, "ताई, दिल्लीत अध्यक्ष बदलला की धोरण बदलतं, शिबिरं बंद होणार म्हणतात, मोठ्या खेळाडूंना परदेशी कोच आणतात. सटाण्याच्या पोरीला कोण विचारणार?"

काळजी खरी आहे, म्हणून तुम्ही वाचलेल्या बातम्यांपासूनच सुरुवात करते.

भारतीय ॲथलेटिक्स महासंघाचे अध्यक्षपद २०१२ पासून मुंबईचे आदिल सुमारीवाला यांच्याकडे होते. ते स्वतः १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये धावलेले. जानेवारी २०२५ मध्ये चंदीगडच्या सभेत त्यांच्या जागी बहादूरसिंग सग्गू आले, २००२ च्या बुसान आशियाई स्पर्धेतले गोळाफेकीचे सुवर्णविजेते. (राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून पंचवीस वर्षं काम केलेले बहादूरसिंग वेगळे. तेही गोळाफेकपटूच, त्यामुळे बातम्या वाचताना गोंधळ होतो.) ते जुने बहादूरसिंग २०२० मध्ये पायउतार झाले आणि जबाबदारी राधाकृष्णन नायर यांच्याकडे आली. मधल्या काळात जर्मनीहून आणलेले हाय परफॉर्मन्स संचालकही, म्हणजे अव्वल खेळाडूंच्या तयारीचे प्रमुख, राजीनामा देऊन गेले. म्हणजे वरच्या खुर्च्या हलतात, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे.

पण शिबिरांच्या बातमीचा अर्थ मला तुमच्यापेक्षा वेगळा दिसतो. पूर्वी चांगला खेळाडू सापडला की त्याला उचलून पंजाबात पतियाळाच्या राष्ट्रीय शिबिराला न्यायचे. वर्षातले कित्येक महिने तो तिथे, आणि गावाकडचा कोच इकडे वर्तमानपत्रातून त्याची कामगिरी वाचणार. आता महासंघ म्हणतो की राष्ट्रीय शिबिरं हळूहळू कमी करू. खेळाडू सैन्यदल, रेल्वे, खासगी कंपन्यांची केंद्रं, राज्यं अशा ठिकाणी आपापल्या कोचकडे सराव करतील. म्हणजे काम पतियाळातून खाली सरकतंय. तिथे शिकलेली माणसं लागणार, आणि ती पुरेशी नाहीत. माझ्या मते ही तुमच्या मुलीसाठी वाईट बातमी नाही.

परदेशी कोचचंही तसंच. नीरज चोप्राचं नाव तुम्ही पत्रात घेतलंय. पानिपतच्या मैदानावर त्याच्या हातात पहिल्यांदा भाला दिला तो जयवीर नावाच्या तिथल्याच सीनियर खेळाडूने. मग पंचकुलाला नसीम अहमद. त्यानंतर गॅरी कॅल्व्हर्ट, उवे होन, क्लाउस बार्टोनिट्झ, आणि २०२४ च्या अखेरीस यान झेलेझ्नी. परदेशातून आलेली ही माणसं मोठी, पण त्यांच्यापर्यंत तो पोचला तो पहिल्या दोघांमुळे. अविनाश साबळे आपल्या बीडच्या आष्टी तालुक्यातला. त्याला क्रॉस कंट्रीतून स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या लांब शर्यतीकडे, वळवलं लष्करातल्या अमरीश कुमार यांनी. मधे तो परदेशी कोचकडे सराव करून आला, पण पुन्हा अमरीश कुमारांकडेच गेला आणि २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला.

आणि तुमच्याच जिल्ह्यातला सर्वेश कुशारे घ्या. देवरगावच्या शाळेत उंच उडीसाठी गादी नव्हती. लाखांची गादी आणणार कुठून? तिथल्या सरांनी मक्याचा वाळलेला पाला भरून पोरांना पडायला गादी केली. उलटं पाठीवर पडायचं असतं त्या उडीत. खाली मऊ नसेल तर मूल मनातून घाबरतं आणि पाठ वाकवतच नाही. त्या पाल्यावर शिकलेला सर्वेश सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत २.२८ मीटर उडी मारून सहावा आला. उंच उडीच्या जागतिक अंतिम फेरीत पोचलेला तो पहिला भारतीय. त्या सरांना दिल्लीतला अध्यक्ष कोण आहे, याने काय फरक पडला असता?

आता पैशाचं. इथे मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. पहिली दोन-तीन वर्षं ओढाताणीची असतात. बऱ्याच ठिकाणी करारावर घेतात, अकरा महिन्यांची ऑर्डर, पगार वेळेवर होईलच असं नाही. सरकारी क्रीडा मार्गदर्शक किंवा तालुका क्रीडा अधिकाऱ्याच्या जागा निघतात, पण त्यांची वाट बघत घरी बसू नये. जिल्ह्याच्या गावांत खासगी शाळांना आणि अकादम्यांना कोच लागतात. पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारी मुलं-मुलीही पैसे देऊन शिकतात. आणि दहा-बारा वर्षांच्या मुलींचे आईवडील मैदानावर बाई कोच आहे का, हे आधी विचारतात. हे मी गेल्या काही वर्षांत वारंवार ऐकलंय.

शिक्षणाबद्दल एक घोळ बहुतेक घरांत होतो. बी.पी.एड. केलं की कोच होता येतं असं वाटतं. बी.पी.एड. शाळेतल्या शारीरिक शिक्षकाच्या नोकरीसाठी. कोच म्हणून उभं राहायचं तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा एक वर्षाचा डिप्लोमा, ज्याला सगळे 'एनआयएस' म्हणतात. त्याला पदवी आणि ठरावीक पातळीवर खेळल्याचं प्रमाणपत्र लागतं, प्रवेशासाठी चाचणी असते. याच संस्थेचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सही आहे; तो तोंडओळखीला ठीक, डिप्लोम्याची जागा घेत नाही. शिवाय वर्ल्ड ॲथलेटिक्स या जागतिक संघटनेच्या प्रशिक्षकांसाठी पातळीवार परीक्षा असतात, त्यातली पहिली पातळी तिने लवकर करावी. २०२५ मध्ये महासंघाने सगळ्या प्रशिक्षकांना नोंदणी सक्तीची केली, शिकलेला असो वा नसो. मला हे पाऊल मनापासून पटलं. इंजेक्शनं देऊन पोरांचं वाटोळं करणारे आणि जन्मदाखले बदलून देणारे मैदानावर 'सर' म्हणून मिरवतात, आणि शिक्षा मात्र पोरांना होते. तुमच्या मुलीने पहिल्या दिवसापासून नोंदणीत नाव ठेवावं आणि असल्या माणसांच्या हाताखाली उमेदवारी करू नये, पगार कितीही देऊ देत.

परीक्षेचं म्हणाल तर तिला दोन वर्षं द्या. या वर्षी पदवी आणि सकाळ-संध्याकाळ एखाद्या जाणत्या कोचच्या हाताखाली लहान मुलांचा गट, पुढच्या वर्षी पतियाळा. तलाठ्याची परीक्षा तिने दिली तरी हरकत नाही, पण "आधी ती, मग हे" अशी अट घालू नका. सराव मोडला की मैदानाची नजर जाते.

तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात की ती आठ वर्षं रोजचा सराव वहीत लिहिते, दोनशे मीटरला किती सेकंद, कितव्या अडथळ्यावर पाय चुकला, त्या दिवशी पाऊस होता का, आणि त्या वह्यांनी कपाट भरलंय, तिची आई रद्दीत घालायला निघालीय. घालू देऊ नका. दुखापत होण्याआधीच्या महिन्यांतली पानं तिने स्वतः परत वाचावीत आणि सराव कुठे जास्त झाला ते शोधावं. स्वतःच्या फाटलेल्या स्नायूचं कारण जिला सापडेल, तिच्या हाती मी माझं मूल सोपवीन.

आणि या आठवड्यात एक काम करा. आंतरविद्यापीठ स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र तिच्याकडे आहे की नुसती झेरॉक्स, ते बघा. नसेल तर विद्यापीठाच्या क्रीडा विभागात आत्ताच अर्ज टाका. दुसरी प्रत निघायला वेळ लागतो, आणि दरवर्षी दोन-चार मुलांचा प्रवेश तेवढ्यावरून अडलेला मी बघते.

तुमची,
ताई