खूप कोरड्या केसांची घरच्या घरी काळजी कशी घ्यावी?

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या नव्या घरात राहायला आल्यापासून तुमचे केस झाडूच्या काड्यांसारखे झालेत आणि आता मेंदी, दही की अंडं लावू, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, यांतलं काहीही लावायच्या आधी बाथरूमच्या नळाला कुठलं पाणी येतं ते शोधा. घर बदलल्यावर केस बिघडले असतील तर पहिला संशय पाण्यावर.

त्या पट्ट्यातल्या बऱ्याच सोसायट्यांना महापालिकेचं पाणी पुरत नाही. मग वापरायच्या टाकीत बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी सोडतात. जमिनीखालच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. धुताना ते केसांवर बसतात, केस खरखरीत लागतात, विंचरताना गुंततात आणि तुटतात. मी वाशीला राहते, आमच्याकडे मोरबे धरणाचं पाणी येतं. माझी धाकटी बहीण तुमच्याच घोडबंदर पट्ट्यात, कासारवडवलीला असते. ती इथे राहायला आली की तिचाच शाम्पू, तिचंच तेल, पण केस पहिल्याच धुण्यात मऊ लागतात.

घरी बघायचं तर पारदर्शक बाटलीत अर्धी बाटली बाथरूमचं पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा थोडा कीस टाका आणि जोरात हलवा. स्वच्छ फेस आला तर पाणी हलकं. फेस कमी, पाणी दुधाळ आणि वर साका तरंगत असेल तर जड, म्हणजे हे क्षार जास्त असलेलं. नळाच्या तोंडाशी, बादलीच्या कडेला पांढरे थर धरत असतील तर तीच खूण. पिण्याच्या पाण्याचा हा जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावा, असं भारतीय मानक आहे. सोसायटीच्या सचिवांना नमुना प्रयोगशाळेत द्यायला सांगा, अहवालात हाच आकडा बघा. टीडीएस मीटर एकूण विरघळलेले क्षार दाखवतं, जडपणा नाही. शॉवरला लावायचे छोटे फिल्टर क्लोरीन थोडं कमी करतात, पण पाणी हलकं करत नाहीत. त्यासाठी मिठाने धुवावा लागणारा सॉफ्टनर लागतो, आणि तो सोसायटीने मिळून बसवला तरच परवडतो.

तोवर एक सोपी गोष्ट करा. नेहमीसारखे केस धुवा, पण शेवटचे दोन-तीन तांबे पिण्याच्या नळाच्या पाण्याचे घ्या. महिन्यातून एकदा लिटरभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून ते केसांवरून ओता आणि मग साध्या पाण्याने धुवा. आंबटपणामुळे क्षारांचा थर सुटायला मदत होते. लिंबाचा रस थेट चोळू नका, आणि खायचा सोडा तर अजिबात नको, तो केस आणखी खरखरीत करतो.

आता तेल. आपल्याकडे न्हाण्याआधी खोबरेल लावायची पद्धत आहे, ती अगदी बरोबर आहे. खोबरेल केसाच्या आत शिरतं. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. धुताना केसातून जाणारं प्रथिन फक्त खोबरेलाने कमी झालं. पण डोक्यावर वाटीभर ओतायचं नाही. एक-दोन चमचे पुरतात, आणि ते खांद्यापासून खालच्या लांबीवर, टोकांवर. कोंडा असेल तर टाळूला तेल नकोच, त्याने कोंडा वाढतो. रात्री लावून सकाळी धुतलं तरी चालतं, दोन तास आधी लावलं तरी चालतं.

शाम्पू मात्र टाळूलाच, लांबीवरून नुसता फेस वाहू द्या. पाणी कोमट, कढत नको. धुतल्यावर केस पिळून कंडिशनर लावा, तोही टाळू सोडून, दोन-तीन मिनिटं ठेवा. बरेच जण हे टाळतात आणि मग घरगुती लेप शोधत बसतात. कंडिशनरमधल्या घटकांवर धन विद्युतभार असतो, झिजलेल्या केसावर ऋण, म्हणून तो नेमका खराब जागीच चिकटतो. अंड्याला हे जमत नाही. त्यातली प्रथिनं एवढी मोठी असतात की ती केसात शिरत नाहीत. दह्याने तात्पुरता मऊपणा येतो, हवं तर लावा. पण मेंदी सध्या नको. ती केसाच्या प्रथिनाला धरून रंग देते खरी, पण आधीच कोरडे केस तिने आणखी राठ होतात. शिकेकाई-रिठ्याचंही तसंच, तेल काढायला उत्तम, कोरड्या केसांना जड जातं.

पुसताना टॉवेलने खसाखसा घासू नका, जुन्या सुती साडीच्या तुकड्याने टिपा. जाड दातांच्या कंगव्याने खालून वर गुंता सोडवत जा. ट्रेनच्या दारात उभं राहून प्रवास करत असाल तर वेणी घाला किंवा ओढणी बांधा.

फाटे फुटलेली टोकं कशानेच जोडली जात नाहीत, इंचभर कापून टाका. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे फूटभर लांब केसाचं टोक दोन-अडीच वर्षांचं असतं. त्यामुळे पाणी बदललं तरी सगळा फरक महिन्याभरात दिसणार नाही.

कोरडेपणाबरोबर थकवा, वजन वाढणं, थंडी सहन न होणं, पाळी अनियमित होणं असं काही असेल तर तेल-कंडिशनरवर वेळ घालवू नका. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात त्वचाविभागही आहे. आणि स्ट्रेटनिंग किंवा केराटिन करून घेतलं असेल तर तसं खाली लिहा, मग धुण्याचा क्रम थोडा वेगळा सांगावा लागेल.